चार खेळांचा वाढदिवस

माझी बायको सिनेमा बघायची कमी आणि ऐकायची जास्त. लग्न होऊन ती अहेरीहून सिंदेवाहीला आली, तेव्हापासून आमच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन आणि तिच्या समोर टीव्ही अशीच मांडणी होती. दिवसभर ती ब्लाउज शिवायची आणि सिनेमा चालू असायचा. डोळे सुईवर, कान टीव्हीकडे. आवडीचा प्रसंग जवळ आला की मशीनवरचा पाय थांबायचा, मान वर व्हायची, तेवढं बघून घ्यायची आणि पुन्हा शिवायला लागायची. कुठला प्रसंग कधी येणार हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. माप द्यायला आलेल्या बायांना टेपनं मोजता मोजता ती नायिकेच्या आईचं बोलणं त्या आईच्या आधी बोलून दाखवायची.

मला सिनेमाचं वेड नाही. मी भात संशोधन केंद्रात शेतावर काम करतो. धानाच्या जाती, रोपांचे परे, लोंब्या यांत माझा दिवस जातो. संध्याकाळी सायकलवरून गल्लीत वळलो की आधी सिनेमाचा आवाज यायचा आणि मग घर दिसायचं.

पोळ्याच्या सुमारास तिला ताप आला. साधा ताप म्हणून दोन दिवस घरीच काढले. तिसऱ्या दिवशी ती बरळायला लागली. दवाखान्यात बारा दिवस होती, त्यातले चार दिवस शुद्धीवर नव्हती. ताप मेंदूपर्यंत गेला होता, वाचली हेच खूप, असं डॉक्टर म्हणाले. शुद्धीवर आल्यावर तिने छताकडे बघितलं आणि मला विचारलं, "पंखा फिरून राह्यला, मंग आवाज काऊन नाई?" त्या वॉर्डातला पंखा इतका खडखडत होता की मला तिचं बोलणं नीट ऐकायला वाकावं लागलं होतं.

नागपूरला कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि शांतपणे समजावून सांगितलं. दोन्ही कान गेले आहेत. यंत्र लावून काही ऐकू येणार नाही. एक ऑपरेशन असतं, पण तापामुळे कानाच्या आतली जागा हाडासारखी घट्ट झाली आहे, त्यामुळे त्याचाही भरवसा देता येत नाही. ती माझ्या शेजारी बसून डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती. बाहेर आल्यावर मी मोबाइलवर टाइप करून दाखवलं, "वेळ लागेल म्हणतात." ती वाचून हसली. मी खोटं बोलतो तेव्हा माझा चेहरा कसा होतो हे तिला वीस वर्षांपासून माहीत होतं.

मग आमच्या घरात मोबाइलवर बोलणं सुरू झालं. मी टाइप करायचो, ती वाचून तोंडानं उत्तर द्यायची. पहिले काही आठवडे ती बोलत होती. पण आपला आवाज किती मोठा निघतो हे तिला कळत नव्हतं. एकदा एका गिऱ्हाईक बाईनं दचकून मागं सरकून तिच्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून ती हळू बोलायला लागली, मग कमी, आणि दिवाळीपर्यंत जवळपास नाहीच. बाया माप द्यायला यायच्या, मोठमोठ्यानं ओरडायच्या, हातवारे करायच्या आणि दुसऱ्या वेळी दुसऱ्या शिंपिणीकडे जायच्या. टीव्हीवर तिने अस्तराचं एक कापड टाकलं. मी कधी ते काढून ठेवलं, तर संध्याकाळी पुन्हा टाकलेलं असायचं. आमची मुलगी नागपूरला हॉस्टेलवर राहून शिकते. ती रोज लांबलचक मेसेज पाठवायची. आई एकच अंगठा पाठवायची.

डिसेंबरमध्ये एका दुपारी मला केंद्रावर फोन आला. आमच्या ओळखीची एक बाई होती. माझी बायको बाजारातून येताना रेल्वेच्या रुळांवर उभी होती, गाडी येत होती, आणि या बाईनं तिला दंडाला धरून ओढून बाजूला घेतलं होतं. बाई म्हणाली, "तिले ऐकूच येत नाई ना हो भाऊ, एकटी कायले सोडता?" मी सायकल दामटत घरी आलो. बायको मशीनवर बसून एक बाही जोडत होती. पिशवीतली वांगी चुलीजवळ होती. मी टाइप केलं, "गाडीचा आवाज आला नाही ना तुला?" तिने ते वाचलं. बराच वेळ वाचत होती, तेवढंसं वाक्य. मग तिने मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि बाही फिरवून दुसरी शिवण घातली.

मीही पुन्हा विचारलं नाही. मला विचारायची भीती वाटली. सिंदेवाहीतली प्रत्येक गाडी तेव्हापासून मला ऐकू यायला लागली. धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभा असलो तरी कान तिकडेच. गाडी निघून गेली की मी घरी फोन करायचो. ती उचलणार नाही हे माहीत असून करायचो, आणि नंतर मेसेज टाकायचो, "जेवलीस का?" अंगठा येईपर्यंत माझ्या हातून काम होत नसे.

तिचा चाळिसावा वाढदिवस फेब्रुवारीत होता. मला वाटलं, तिला एक तारीख दिली पाहिजे. माणसाला पुढची तारीख दिसत असली की ते तोवर थांबतं, असं माझ्या मनानं धरलं. याच्या मागे काही विचार नव्हता, नुसती घाबरगुंडी होती. मी तिला टाइप करून दाखवलं की वाढदिवसाच्या दिवशी घरात टॉकीज लावणार आहे. बारा, तीन, सहा आणि नऊ, असे चार खेळ. तिच्या आवडीचे चार सिनेमे, आणि सगळं बोलणं पडद्यावर लिहिलेलं. ती म्हणाली, "कायले?" महिन्याभरात तिने माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द असेल.

सिनेमे मी माझ्या आठवणीनं निवडले. एक ती दहावीत असताना पाहिलेला. एक लग्नानंतर चंद्रपूरला आम्ही दोघांनी मिळून बघितलेला. एक मुलगी पोटात असताना ती रोज लावायची तो. आणि चौथा, मशीनवर सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला. इंग्रजी अक्षरं खाली येणारे सिनेमे मिळतात, पण तिला इंग्रजी तेवढ्या वेगानं वाचता येत नाही. आणि तिला संवाद पाहिजे होते ते हिंदीतले, जसेच्या तसे. म्हणून मी ते स्वतः लिहायचं ठरवलं.

आमच्या गावात एक स्टुडिओवाले आहेत. लग्नाचे व्हिडिओ काढतात आणि स्वतःच जोडतात. साठीला आलेले मुसलमान गृहस्थ, सगळे त्यांना भाऊच म्हणतात. मी जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी आधी हसून घेतलं, म्हणाले की लग्नाच्या व्हिडिओत नवरा-नवरीचं नाव टाकताना माझा अर्धा-अर्धा तास जातो, तू तीन-तीन तासांचं बोलणं टाकायला सांगतोस. मग त्यांनी मला चहा पाजला आणि विचारलं, वहिनी आता बोलतात का. मी नाही म्हटलं. रुळांचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यांनाही नाही. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लिहून आण. मी टाकतो."

लिहिणं किती कठीण असतं हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मी पहाटे उठून आणि दुपारच्या सुटीत केंद्राच्या मागच्या मोहाखाली बसून कानात इअरफोन घालायचो. दोन वाक्यं ऐकायची, थांबवायचं, लिहायचं, मागं जायचं. एका दिवसात आठ-दहा मिनिटांचा सिनेमा व्हायचा. सोबतचे लोक म्हणायला लागले, की याला म्हातारपणी मोबाइलचा नाद लागला. मी सुरुवातीला सगळंच लिहीत होतो. दार वाजतं. कुत्रं भुंकतं. बाहेर पाऊस. पाठीमागे दुःखाचं संगीत. मग भाऊ म्हणाले की एवढं वाचत बसल्या तर वहिनी बघतील कधी. त्यांनी बायकांचं बोलणं पिवळ्या अक्षरात आणि पुरुषांचं पांढऱ्यात टाकायची युक्ती काढली, म्हणजे कोण बोलतं ते शोधावं लागणार नाही. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर कधी अक्षरांऐवजी नुसते चौकोन उमटायचे आणि दिवसभराचं काम पुन्हा करावं लागायचं.

जानेवारी संपला तेव्हा दोन सिनेमे झाले होते. तिसरा अर्धा. चौथ्याला हातही लावला नव्हता. आणि घरी काहीच बदललं नव्हतं. उलट एका सकाळी भाकरी थापता थापता ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमचा आवाज कसा होता ते मी विसरून राह्यली." मी तिच्यासमोर गेलो, मोबाइल उघडला आणि परत खिशात ठेवला. आवाज कसा होता हे लिहून कसं सांगणार? त्या दिवशी मी रजा टाकली आणि मोहाखाली बसून अठरा मिनिटांचा सिनेमा लिहिला. बोटं दुखेपर्यंत लिहिलं. आपण हे कशासाठी करतो आहोत, याचा विचार आला की मी इअरफोनचा आवाज वाढवत होतो.

वाढदिवस रविवारी आला. मुलीची परीक्षा होती, तिला येता आलं नाही. भाऊंनी लग्नात लावतात तो प्रोजेक्टर आणि स्पीकर आदल्या दिवशीच आणून दिले. तिसरा सिनेमा कसाबसा झाला होता, चौथा राहिलाच; त्या खेळाची जागा रिकामी राहू नये म्हणून त्यांनी पेनड्राइव्हमध्ये शेवटी आपल्या मनानं एक तेलुगू सिनेमा टाकला होता. त्यावर अक्षरं नव्हती. मी खिडक्यांना चादरी लावल्या, भिंतीवर पांढरं पातळ ताणून बसवलं, लाखोरीच्या डाळीचे वडे तळले. ती नवं लुगडं नेसून, केस विंचरून येऊन बसली. माझ्यासाठी बसली, हे मला दिसत होतं. दवाखान्यात रक्त काढायला हात पुढे करावा तशी.

बारा वाजता पहिला सिनेमा लावला, तिच्या दहावीतला. अक्षरं यायला लागली. पांढरी, पिवळी. ती वाचत होती. पाच मिनिटांनी एका वाक्याला ती थोडं पुढं झुकली आणि तिचे ओठ हलले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मी वड्यांची ताटली तिच्या जवळ सरकवली, तिने न बघता एक वडा घेतला.

मग गाणं आलं.

गाण्यांचे शब्द मी लिहिले नव्हते. ती सगळी तिला पाठ होती, लिहायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला ते सुचलंच नव्हतं. मी फक्त लिहून दिलं होतं, "गाणं सुरू." ते दोन शब्द खाली तसेच राहिले. वर नायिका शेतातून पळत होती, वळून बघत होती, तिचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. मला गाणं ऐकू येत होतं. हेच गाणं मशीनवर गुणगुणताना मी तिला हजारदा ऐकलं होतं. तिच्या हातातला अर्धा वडा तसाच राहिला होता.

ती म्हणाली, "बंद करा."

आवाज फार मोठा होता. मी उठून बंद केलं. भिंतीवर निळा उजेड पडला. मी टाइप करायला मोबाइल घेतला तर तिने हातानं तो खाली केला आणि बोलायला लागली, माझ्याकडे बघून, त्याच मोठ्या आवाजात.

"मशीन माह्या पायाखाली चालते, मले ऐकू येत नाई. दोरा तुटला तरी मी शिवतच राह्यते. मंग कापड उचलून पाह्यते त नुसते भोकं." मग ती म्हणाली, "त्या दिवशी गाडी मले दिसली होती. ऐकू नाई आली हे खरं हाय. पण दिसली होती."

मला हे दोन महिन्यांपासून माहीत होतं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. मोबाइलवर "मी" एवढंच लिहिलं आणि पुढचं अक्षर सापडेना. मग मी तो बाजूला टाकला आणि तोंडानं बोललो. तिला ऐकू जात नाही हे माहीत असून जे तोंडाला आलं ते बोललो. तिला शिव्या दिल्या, विनवण्या केल्या. मला न सांगता तिथे उभीच कशी राहिलीस म्हणालो, पोरीला मी काय सांगितलं असतं म्हणालो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी दमलो तेव्हा तिने विचारलं, "काय म्हणून राह्यले?"

मी मोबाइल उचलला आणि लिहिलं, "जाऊ नको."

तिने वाचलं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही तसेच बसून राहिलो. तीनचा खेळ तसाच गेला. वड्यांवर माश्या बसायला लागल्या.

चारच्या सुमारास दार वाजलं. प्रोजेक्टर नीट चालतो की नाही बघायला भाऊ आले होते. आमचे चेहरे बघून ते दारातच अवघडले. मी सांगितलं की प्रोजेक्टर मध्येच बंद पडला. ते खरं नव्हतं आणि त्यांनाही ते कळलं असावं, पण ते आत आले, वायरी हलवल्या, आणि चालतं का ते बघायला शेवटची फाइल लावली. तेलुगू सिनेमा सुरू झाला. त्यांना चहा विचारला, तर घाई आहे म्हणाले. बायकोला हात जोडून निघून गेले. उठून सिनेमा बंद करायची ताकद आमच्या दोघांतही नव्हती. तो चालू राहिला.

भिंतीवर एक मोठं घर होतं, खूप माणसं, एक मिशीवाला म्हातारा सगळ्यांवर ओरडत होता. मला एक अक्षर कळत नव्हतं. काही वेळानं बायको म्हणाली, "ते त्याची बहीण होय. बायको नोहे."

मी तिच्याकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती. तिने सांगितलं की लहानपणी अहेरीला व्हिडिओ लावायचे, त्यात अर्धे सिनेमे तेलुगू असायचे. मावशी तिला बाजाराच्या दिवशी घेऊन जायची. दोघींनाही तेलुगू येत नव्हतं. मावशी सगळ्या सिनेमाची गोष्ट आपल्या मनानं सांगत जायची आणि घरी येईपर्यंत दोघींचं भांडण व्हायचं, की तो म्हातारा बाप होता का सासरा. हे तिने मला लग्नानंतर कधी सांगितलं नव्हतं.

मी लिहिलं, "आता समजतं का काही?"

"तवाबी समजत नव्हतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "इथी माहं काई गेलं नाई."

मी पाणी आणायला म्हणून उठलो आणि जाता जाता स्पीकरची वायर काढली. आवाज बंद झाला. तिला ते कळलं नाही, आणि मी तिला आजपर्यंत सांगितलेलं नाही. येऊन बसलो, आणि मग आम्ही दोघंही सारखेच बघत होतो. ती सांगत होती, हा खोटं बोलून राह्यला, हिला माहीत हाय. मी मान हलवून नाही म्हणायचो. मिशीवाल्याला तिने चोर ठरवलं होतं. शेवटी तो चांगला निघाला तेव्हा ती म्हणाली की दिग्दर्शकाची चूक आहे. सिनेमा संपला तेव्हा बाहेर अंधार पडत होता. गार वडे आम्ही भातासोबत खाल्ले.

एवढ्यावर सगळं ठीक झालं असं मी सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा गप्प होती. अस्तराचं कापड टीव्हीवर परत आलं होतं. पण आता मला विचारायची भीती राहिली नव्हती, कारण उत्तर मिळालं होतं. मी मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती रडली, माझ्यावर चिडली की आधी का नाही सांगितलं, आणि तिनेच चौकशी करून गडचिरोलीला मनाच्या आजारांच्या एका डॉक्टरांचा पत्ता काढला. बायको आधी तयार नव्हती. मी वेडी नाही म्हणाली. मी लिहिलं की मी वेडा होत चाललो आहे, निदान माझ्यासोबत चल.

परीक्षा संपवून मुलगी आली. आम्ही तिघं एसटीनं गेलो. बस वैनगंगेच्या पुलावरून जाताना बायकोनं खिडकीची काच सरकवली आणि तोंडावर वारा घेतला. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी आम्हा दोघांना बाहेर बसायला सांगितलं आणि तिच्यासमोर कोरे कागद आणि पेन ठेवला. आम्ही बाकावर बसलो. पाऊण तास झाला. आत कुणाचाच आवाज नव्हता. मुलीनं माझा हात धरला होता.

बोलावलं तेव्हा आत जाऊन बघितलं, तर तिने दोन कागद दोन्ही बाजूंनी भरले होते. इतकं लिहिलेलं मी तिचं कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी ते फाइलला लावले, गोळ्या लिहून दिल्या, पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. कागदांवर काय होतं ते मी विचारलं नाही. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि सावली गाव यायच्या थोडं आधी तिला झोप लागली. बसच्या धक्क्यानं तिचं डोकं काचेवर आदळत होतं, म्हणून मी मध्ये हात ठेवला. सिंदेवाही येईपर्यंत तो हात बधिर झाला होता.